पासिंग संपलेल्या बसचं बिऱ्हाड

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'बिऱ्हाड' हा विषय दिला आणि त्यासोबत एक खोडकर प्रश्नही पाठवला: जुनी स्कूल बस विकत घेऊन तिच्यात घर थाटता येतं का? ते नाही, तर निदान घरचं सामान तरी एका गावाहून दुसऱ्या गावी नेता येतं का? अमेरिकेतल्या बसघरांचे व्हिडिओ आता वाशीमच्या पानठेल्यावरही बघितले जातात. पिवळी बस, आत लाकडी पलंग, छोटी शेगडी, खिडकीत कुंडी. बघणाऱ्याला वाटतं, आपल्या गावच्या शाळेमागे एक बस वर्षभर उभीच आहे, विचारून तर बघू.

विचारून बघायला वाशीम जिल्हा चांगला आहे. इथे बस आहेत, ऊन आहे, स्थलांतर आहे आणि चालत्या बिऱ्हाडाची जुनी परंपराही आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा: वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा. गाड्यांच्या पाटीवर एमएच ३७. पण रस्त्याकडेच्या गॅरेजसमोर उभ्या असलेल्या पिवळ्या गाड्यांकडे नीट पाहिलं, तर एमएच १२, एमएच १४, एमएच ३१ असे पाहुणे नंबरही दिसतात. शहरातल्या शाळेने वापरलेली बस इकडच्या एखाद्या गाडीमालकाने घेतलेली असते. म्हणजे वाशीममध्ये विकायला निघालेली बस बहुतेक वेळा पहिल्यांदा विकली जात नसते.

बस रिकामी का होते

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्याआधीचा महिना हा गॅरेजचा हंगाम. शाळा सुरू होण्यापूर्वी गाडीचं पासिंग करून घ्यायचं असतं. 'फिटनेस सर्टिफिकेट' हा कागदावरचा शब्द. ड्रायव्हर, मालक, दलाल सगळे म्हणतात ते पासिंगच. नव्या बसला पहिली दोन वर्षं ते सोबत मिळतं, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी करावं लागतं आणि त्यानंतर दरवर्षी.

गाडी विकायला निघते ती याच दिवसांत. मालक गॅरेजमध्ये हिशेब मांडतो. खालचा पत्रा सडला आहे, टायर दोनदा रिमोल्ड झाले आहेत, ब्रेकचं काम आहे, सोनेरी पिवळा रंग पुन्हा मारायचा आहे, वेगनियंत्रक तपासून घ्यायचा आहे. महाराष्ट्रात शालेय बससाठी २०११ पासून स्वतंत्र नियम आहेत. आपत्कालीन दार, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी, खिडक्यांना आडव्या सळ्या, दप्तरांसाठी जागा, सोबत मदतनीस अशी सगळी यादी पूर्ण व्हावी लागते. त्यातच गाडीने पंधरा वर्षं ओलांडली की शुल्कही अंगावर येतं. १ एप्रिल २०२२ पासून केंद्राने अशा जुन्या जड प्रवासी वाहनाच्या पासिंगचं शुल्क साडेबारा हजार रुपये केलं. सोयाबीनच्या पैशातून गाडी चालवणाऱ्या मालकाला हा हिशेब जुळत नाही. मग गाडी शाळेच्या मागच्या भिंतीला लागते आणि चाकांभोवती गाजरगवत वाढतं.

गाड्या विकायला निघण्याची दुसरी लाट कोविडने आणली. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ग्रामीण भागातल्या पाचवीपासून पुढच्या वर्गांना नियमित घंटा ऐकू आली ती ऑक्टोबर २०२१ मध्ये. दीड वर्ष बस जागेवर उभी, ड्रायव्हर शेतमजुरीला, हप्ता मात्र चालू. रिझर्व्ह बँकेने दिलेली हप्त्यांची सवलत ऑगस्ट २०२० मध्ये संपली. त्यानंतर हप्ते थकलेल्या गाड्या फायनान्स कंपन्यांनी ओढून नेल्या आणि यार्डात लावल्या. आजही जुनी बस शोधणारा तीन दारं ठोठावतो: शाळा किंवा गाडीमालक, फायनान्सचं यार्ड, आणि भंगारवाला. तिन्ही ठिकाणी एकाच गाडीचा भाव वेगळा निघतो, कारण तिन्ही ठिकाणी विकली जाणारी वस्तू वेगळी असते. मालक चालू गाडी विकतो, यार्डवाला वसुली विकतो आणि भंगारवाला तीन-चार टन लोखंड.

गाडी बघताना

जाणकार मिस्त्री बसकडे येतो तो आधी खाली वाकतो. नवा रंग आणि लांबी भरून गुळगुळीत केलेला पत्रा हे विक्रेत्याचं काम. गिऱ्हाइकाने बघायचं ते चेसिस. मुलांच्या चिखलाच्या बुटांनी आणि रोजच्या धुण्याने बसच्या तळाची प्लायवूड आतून कुजते. मॅट उचलून टाचेने दाबलं की कळतं. मागच्या चाकांवरचे कोपरे आणि पायरीखालचा पत्रा इथे गंज आधी धरतो. मग कमानपाटे: एखादं पान मोडून तिथे तारेने आवळलं आहे का. इंजिन थंड असताना सुरू करायला सांगायचं. गरम करून ठेवलेलं इंजिन सगळेच सुरू करून दाखवतात. धूर पांढरा, काळा की निळा, हे बघायचं. निळा म्हणजे ऑइल जळतंय.

प्रदूषणाच्या कोणत्या मापदंडाची गाडी आहे, हेही महत्त्वाचं. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. बीएस-६ ची अनेक डिझेल वाहनं इंधनासोबत एक वेगळं द्रव मागतात. ड्रायव्हर त्यांना 'युरियावाली गाडी' म्हणतात. त्यांचे सेन्सर आणि एक्झॉस्टचं काम तालुक्याच्या मिस्त्रीच्या हातचं राहत नाही. म्हणून बीएस-३, बीएस-४ ची जुनी गाडी इथे अजून मागणीत आहे: पान्याने उघडते, पान्याने बंद होते.

घर करायचं असेल तर मिस्त्री सहसा मोजत नाही ते आपण मोजावं. जिल्ह्यात सर्वाधिक दिसणारी मिनी स्कूल बस आतून साधारण सात मीटर लांब आणि दोन मीटरहून जराशी जास्त रुंद. म्हणजे पंधरा चौरस मीटरच्या आतबाहेर. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्रफळ पंचवीस चौरस मीटर आहे. बसमध्ये उभं राहिल्यावर डोक्याला छत लागतं का, तेही बघावं; लहान मुलांसाठी बांधलेल्या गाडीत सहा फुटांच्या माणसाला दिवसभर मान वाकवून राहावं लागतं. ती दहा वर्षांच्या मुलाला अर्धा तास बसण्यासाठी बांधलेली असते.

कागद हीच खरी बस

सौदा बयाण्यावर ठरतो. पाचशेच्या बाँडपेपरवर नोटरी होते, चावी हातात येते आणि गिऱ्हाइकाला वाटतं, बस आपली झाली. कायद्याच्या लेखी ती अजून शाळेचीच असते. नाव चढवण्यासाठी नमुना २९ आणि नमुना ३० भरून द्यावे लागतात. मोटार वाहन कायदा विकणाऱ्याला राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांची आणि घेणाऱ्याला तीस दिवसांची मुदत देतो. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याचा नमुना ३५ लागतो. दुसऱ्या कार्यालयाची गाडी असेल तर तिथलं ना-हरकत प्रमाणपत्र. पाहुण्या नंबरची बस स्वस्त मिळते, त्यामागे बहुतेक वेळा हाच एखादा कागद अडलेला असतो.

नाव चढवलं नाही तर काय होतं, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे विकली गेली होती, पण नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली होती. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्या नोंदणीतल्या मालकावर आली. वाशीमच्या एखाद्या संस्थाचालकाने हौसेने, कमी पैशात, नुसत्या नोटरीवर बस देऊन टाकली, तर त्या बसने उद्या पुण्याच्या रस्त्यावर काही केलं तरी नोटीस संस्थेच्या पत्त्यावर येईल. विकणाऱ्यानेही हे लक्षात ठेवावं.

तपासणी आता घरबसल्या होते. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की पासिंग कधीपर्यंत, विमा कधीपर्यंत, कर कुठवर भरला, बोजा कोणाचा, हे दिसतं. चलनं थकली आहेत का, तेही बघता येतं. दहा मिनिटांच्या या कामाने मोठे घोटाळे टळतात.

शाळेच्या बसला काही सवलती असतात, त्या तिच्या रंगाला नसून वापराला असतात. शैक्षणिक संस्थेच्या बसला तृतीय पक्ष विम्याच्या हप्त्यात केंद्राने २०२२ मध्ये पंधरा टक्के सूट दिली. बस संस्थेच्या हातून गेली की ती सूट गेली, परवाना गेला, आणि पिवळा रंग व 'स्कूल बस' ही अक्षरंही गेली पाहिजेत. तोच रंग ठेवून खासगी फेऱ्या मारणं म्हणजे रस्त्यावरच्या इतर चालकांची फसवणूक. पिवळी बस थांबली की मागचा चालक मुलं उतरताहेत असं समजून वेग कमी करतो, या विश्वासावर ती उभी असते.

आतून घर करताना

इथे खरी अडचण सुरू होते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने के. जयचंद्र प्रकरणात हे कलम कडकपणे वाचलं. बसच्या सीट काढून पलंग, ओटा, पाण्याची टाकी आणि गॅस बसवणं हा आसनांचा, वजनाचा आणि उपयोगाचा बदल आहे. तो आधी परवानगी घेऊन करायचा असतो. करून झाल्यावर परवानगी मागितली तर अधिकाऱ्याच्या हातात फार काही राहत नाही.

दार पूर्ण बंद आहे, असंही नाही. केंद्राच्या वाहनवर्गांच्या यादीत खासगी वापराची कॅम्पर व्हॅन बिगरवाहतूक गटात येते. अशा घरगाड्यांसाठी एआयएस-१२४ हे मानकही आहे. या मालिकेतली मानकं पुण्याची एआरएआय ही संस्था प्रकाशित करते. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरावॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. पण या वाटेने जायचं तर मान्यताप्राप्त बॉडीबिल्डर लागतो, त्याचं प्रमाणपत्र लागतं आणि परिवहन कार्यालयाची मोहोर लागते. वेल्डिंगच्या दुकानात बांधलेला पलंग कितीही सुबक असला तरी त्याला प्रमाणपत्र नसतं. पंधरा वर्षांच्या उंबरठ्यावरच्या बससाठी हा सगळा खटाटोप करणाऱ्याने एक साधं गणित करावं: कागदांना लागणारा पैसा गाडीच्या किमतीहून जास्त होतोय का? बहुतेकदा होतो.

एक चांगली बातमी लायसनबाबत आहे. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निर्णय दिला की हलक्या मोटार वाहनाचं लायसन असणाऱ्याला साडेसात हजार किलोपर्यंत एकूण वजनाचं वाहतूक वाहन चालवण्यासाठी वेगळी नोंद लागत नाही. छोटी स्कूल बस या मर्यादेत बसू शकते. मात्र पलंग, कपाट, दोनशे लिटर पाणी आणि छतावरच्या सौर पॅनेलनंतरही ती त्याच मर्यादेत राहते का, हे वजनकाट्यावर नेऊन बघावं. ते बाजार समितीत किंवा जिनिंगच्या आवारात सहज होतं.

मे महिन्याची दुपार

शालेय बसबद्दल एक गोष्ट सहज ध्यानात येत नाही. मे महिन्याच्या दुपारी तिच्यात कोणी बसलेलं नसतं. वाशीमला पारा चाळिशीच्या पुढे जातो तेव्हा शाळेला सुट्टी असते. एरवीही ती सकाळी मुलं आणते, दुपारी किंवा संध्याकाळी सोडते आणि मधला वेळ सावली शोधून उभी राहते. घराला अशी सुट्टी नसते.

पत्र्याचं छत दुपारी तापतं आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतं. कुणी आतून थर्मोकोल आणि प्लाय मारतो, कुणी काचलोकर भरतो. थर्मोकोल स्वस्त आहे, पण पेट घेतं आणि त्याचा धूर विषारी असतो. आपल्याकडची साधी अक्कल इथे जास्त उपयोगी पडते: छताच्या वर हातभर पोकळी सोडून दुसरं आच्छादन टाकायचं, ज्वारीच्या कडब्याचं किंवा शेडनेटचं, आणि गाडी कडुनिंबाखाली उभी करायची. पण आच्छादन टाकलं की गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. म्हणजे ऊन टाळण्यासाठी आपण जे करतो, त्यातूनच ती घराकडे झुकते आणि गाडीपण सोडते.

विजेचंही असंच. मोठ्या बसमध्ये चोवीस व्होल्टची तर छोट्या गाड्यांत बारा व्होल्टची व्यवस्था असते. पंखा, दिवा, इन्व्हर्टर घेताना हे आधी पाहावं लागतं. छतावर पॅनेल टाकलं की दिवे आणि पंखा चालतो. शेतपंपाच्या जोडणीवरून आकडा टाकून घर चालवू नये. तो विजेचा अनधिकृत वापर ठरतो आणि महावितरण दंड लावतं.

खिडक्यांच्या आडव्या सळ्या मुलांनी डोकं बाहेर काढू नये म्हणून असतात. घर करणाऱ्याला त्या चोरापासून बऱ्या वाटतात. पण आग लागली की त्याच सळ्या बाहेर पडायची वाट अडवतात. मागचं आपत्कालीन दार पलंगाने झाकून टाकणं ही बसघरातली सर्वात मोठी चूक. समृद्धी महामार्गाने जिल्ह्यातल्या कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव तालुक्यांना नागपूर-मुंबईशी जोडलं. त्याच महामार्गावर, शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ, १ जुलै २०२३ च्या पहाटे एक खासगी बस उलटून पेटली आणि पंचवीस माणसं गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये राजस्थानात जैसलमेरजवळ बसला आग लागून वीसहून अधिक प्रवासी दगावले. बसमध्ये फोम, रेक्झिन, प्लाय आणि तारांची गर्दी वाढली की ठिणगीला खाद्य मिळतं. त्यात घरगुती सिलिंडर ठेवायचा असेल तर निदान तो बाहेर, हवेशीर कप्प्यात हवा.

सामान हलवायला बस का नको

प्रश्नाचा दुसरा भाग सामानाचा. वाशीमहून पुण्याला नोकरीसाठी जाणारी कुटुंबं सामान कशात नेतात? छोटा हत्ती, पिकअप किंवा आयशर. गावातल्या गावात ट्रॅक्टर-ट्रॉली. बस कोणी का नेत नाही, याचं उत्तर बसच्या दारातच आहे. आपल्या घरातलं लोखंडी कपाट तीन फूट रुंद आणि साडेसहा फूट उंच. मिनीबसच्या दारातून ते आडवं करूनही आत जात नाही. पायऱ्या, दांडा आणि ड्रायव्हरच्या मागचा कठडा आड येतात. सीट काढल्याशिवाय आतही जागा होत नाही, आणि सीट काढल्या की पुन्हा कलम ५२.

शिवाय परवाना. शालेय बसचा परवाना मुलांसाठी असतो. ती एका रविवारी भाड्याने सामान वाहू लागली तर ते परवान्याच्या अटींचं उल्लंघन आहे. गाडी अडवली गेली तर सामान रस्त्यावर आणि कुटुंब उन्हात. समृद्धीने गेलात तर पथकरही लागतो. १ एप्रिल २०२५ पासून मिनीबसला किलोमीटरमागे ३ रुपये ३२ पैसे, तर दोन आसांच्या मोठ्या बसला ६ रुपये ९७ पैसे. रिकामं परतायचं असेल तर दुप्पट. सामान एकदाच हलवायचं असेल तर बस विकत घेणं म्हणजे ताक प्यायला म्हैस बांधणं.

मग अमेरिकेत जमतं कसं

अमेरिकेत १९३९ साली कोलंबिया विद्यापीठात फ्रँक सायर यांच्या पुढाकाराने परिषद भरली आणि देशभरच्या स्कूल बसचा रंग आणि मापं ठरली. तेव्हापासून शाळा-जिल्हे एकसारख्या मोठ्या बस विकत घेतात, ठरावीक वर्षांनी लिलावात काढतात आणि सामान्य माणूस बोली लावतो. पोलादी सांगाडा, सपाट तळ, मागे रुंद दार. राज्यागणिक नियम वेगळे असले तरी रंग बदलून, इशारादिवे काढून ती खासगी घरगाडी म्हणून नोंदवता येते. केन केसी या लेखकाची १९३९ सालची स्कूल बस १९६४ मध्ये रंगीबेरंगी होऊन देशभर फिरली, ती या वेडाची दंतकथा झाली. जेसिका ब्रूडर यांच्या 'नोमॅडलँड' या २०१७ च्या पुस्तकाने दुसरी बाजू दाखवली: घरभाडं आणि कर्ज झेपत नाही म्हणून म्हातारपणी गाडीत राहणारी माणसं. व्हिडिओत कुंडी दिसते, ही बाजू दिसत नाही.

आपल्याकडे तोच सांगाडा वेगळ्या कायद्यात, वेगळ्या उन्हात आणि वेगळ्या रस्त्यावर येतो. अमेरिकेत मोकळी जागा, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी देणारे तळ आहेत. इथे रात्री गाडी कुठे लावायची, असा प्रश्न पडला की उत्तर पेट्रोल पंप किंवा मंदिराचं पटांगण.

उभ्या राहिलेल्या बस

पण जुनी बस निरुपयोगी आहे, असं नाही. जिथे तिला चालवायचा हट्ट सोडला, तिथे ती चांगली कामी लागली. पुण्यात २०१६ च्या सुमारास उल्का सादळकर आणि राजीव खेर यांनी शहर बससेवेच्या (पीएमपीएमएल) बाद बसमधून 'ती' टॉयलेट्स उभी केली. स्त्रियांसाठी स्वच्छतागृह, हात धुण्याची सोय, बाळाला पाजायला जागा. बस जागेवर उभी, मलनिस्सारण वाहिनीला जोडलेली. बंगळूरूमध्ये कर्नाटकच्या परिवहन महामंडळाने (केएसआरटीसी) २०२० मध्ये हेच केलं. केरळच्या परिवहन महामंडळाने २०२० मध्ये मुन्नारच्या आगारात जुन्या बसमध्ये पर्यटकांसाठी झोपण्याची सोय केली. स्वस्त बिछाना, स्वच्छतागृह आगारातलं, बस हलत नाही.

चालत्या बसला जमवलं ते संस्थांनी. रजनी परांजपे आणि बीना शेठ-लष्करी यांच्या डोअर स्टेप स्कूलने १९९८ पासून मुंबईत बसमध्येच वर्ग भरवला. फुटपाथवरच्या आणि बांधकामावरच्या मुलांपर्यंत शाळाच गेली. आपल्या एसटीने मे २०२० मध्ये मालवाहतूक सुरू केली तेव्हा जुन्या प्रवासी गाड्या मालगाड्या केल्या. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या मध्यवर्ती कार्यशाळांत बॉडी बांधायचं कौशल्य आधीपासून होतं, म्हणून ते शक्य झालं. एकट्या माणसाला तो कारखाना नसतो.

वाशीमच्या शेतकऱ्याला यातली पहिली, बस उभीच ठेवण्याची वाट जास्त उपयोगी. बसची नोंदणी रीतसर रद्द करून घ्यावी. कलम ५५ त्यासाठीच आहे. चेसिस नंबरचा तुकडा कापून जमा करण्याची पद्धत आहे, म्हणजे तो नंबर पुन्हा कुठल्या चोरीच्या गाडीवर चढत नाही. इंजिन, गिअरबॉक्स, टायर विकून थोडे पैसे सुटतात. उरलेला डबा शेतात, सिमेंटच्या ठोकळ्यांवर, सावलीत. जागल्याला रात्री झोपायला, बियाणं उंदरांपासून वाचवायला, हरभऱ्याच्या हंगामात मजुरांना विसाव्याला. त्याआधी तलाठ्याशी आणि ग्रामपंचायतीशी बोलून घ्यावं. शेतजमिनीवर काय ठेवता येतं हे तेच सांगतील. ती घरकुलाची जागा घेणार नाही. पण जागलीच्या खाटेपेक्षा बरी.

तांड्यांचा जिल्हा

मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला बंजारा समाज आपली काशी मानतो. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी तिथे बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. या समाजाचे पूर्वज लदेणी करत: बैलांच्या पाठीवर मिठाच्या, धान्याच्या गोण्या लादून देशभर फिरणं. बिऱ्हाड सोबत, व्यापार सोबत, गुरं सोबत. रेल्वे आली, मिठाचा व्यापार गेला, १८७१ च्या कायद्याने अनेक फिरत्या जमातींना गुन्हेगार ठरवलं, आणि लदेणी थांबून तांडे वसले. चालतं घर ही त्यांच्यासाठी हौस कधीच नव्हती. ज्या जमिनीवर ते थांबत, ती त्यांची नसे, हे त्यामागचं वास्तव होतं.

ते वास्तव पुरतं गेलेलं नाही. दिवाळी झाली की अनेक तांड्यांतली कुटुंबं ऊसतोडीला निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, पांघरुणं, शेळी आणि लेकरं. पोहोचल्यावर पालात नाहीतर कोपीत सहा महिने. त्यांच्या मुलांना बस हवी आहे, पण घर करण्यासाठी नव्हे. शाळेत पोहोचवण्यासाठी. मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या एसटी खेड्यापाड्यांतल्या मुलींना शाळेत नेतात. जिथे त्या पोहोचत नाहीत तिथे मुलगी सातवीनंतर घरी बसते. जिल्ह्यात एखादी बस अजून दोन-चार वर्षं धडपणे चालू शकत असेल, तर तिचा सर्वात चांगला उपयोग तिच्या मूळ कामातच आहे.

म्हणून माझा निवाडा असा. सामान हलवायचं असेल तर आयशर भाड्याने घ्या आणि पावती मागा. फिरतं घर हवं असेल तर आधी परिवहन कार्यालयात जा, लेखी विचारा, मगच बयाणा द्या. शेतात खोली हवी असेल तर नोंदणी रद्द झालेला डबा घ्या, आपत्कालीन दार उघडं ठेवा आणि कडुनिंब लावा. आणि बस विकणाऱ्या शाळांना एकच विनंती: गाडी चालू स्थितीत असेल तर ती आधी शेजारच्या तालुक्यातल्या शाळेला विचारा, आणि कोणालाही दिली तरी नाव चढवल्याशिवाय चावी देऊ नका.